मोठी माणसं शिक्षण मध्येच का सोडतात

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. "प्रवेशाच्या वेळी तुमच्या दूरशिक्षणाच्या अभ्यासकेंद्रावर एवढी गर्दी असते, मग परीक्षेला बाक रिकामे का?" हा प्रश्न महाविद्यालयातले सहकारी विचारतात, शिकणाऱ्या बायकांचे नवरे विचारतात, गावाकडचे नातेवाईक विचारतात. आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच सांगून टाकतात, "मनावर घेत नाहीत हो."

मनावर घेतात. पस्तिशी-चाळिशीतलं माणूस घरात चार जणांची बोलणी ऐकून अर्ज भरायला येतं, ते मनावर घेतल्याशिवाय येत नाही.

आधी तासांचा हिशोब करू, कारण तो कुणी करतच नाही. दूरशिक्षणात एक श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, हा अभ्यासाच्या तीस तासांचा. त्यात वाचन, संपर्कसत्र (केंद्रावर भरणारा वर्ग), गृहपाठ सगळं आलं. पदवीच्या एका सत्राला साधारण वीस श्रेयांक असतात, म्हणजे सहाशे तास. सहा महिन्यांत वाटले तर आठवड्याला तेवीस तास, रविवार धरून रोज सव्वातीन तास. प्रवेश लांबतात, पुस्तकं उशिरा हातात पडतात, त्यामुळे पूर्ण सहा महिने मिळतच नाहीत. मग रोजचे तास चार-पाचांवर जातात. नुसतं उत्तीर्ण व्हायला याच्या निम्म्यात भागतं, हे कबूल. पण निम्मे तरी तास कुठून काढायचे? एसटीच्या वाहकाची ड्युटी आठवड्याआड बदलते. आशाताईला रात्री-अपरात्री बाळंतिणीबरोबर दवाखान्यात जावं लागतं. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झालं तेव्हा नोकरी करणाऱ्यांना येता यावं म्हणून वर्ग सकाळी भरवले गेले. शिकणाऱ्याचा दिवस दुसऱ्याच्या ताब्यात असतो, हे तेव्हाच्या माणसांनी आधी बघितलं आणि वेळापत्रक नंतर केलं. आपण वेळापत्रक आधी करतो.

मी स्वतः कितीतरी वर्षं प्रवेशाच्या टेबलावर बसून सांगत आले, "रोज एक तास काढा, होऊन जाईल." ते खरं नव्हतं. धीर द्यायला म्हणून बोलले, पण गणित एकदाही मांडून पाहिलं नव्हतं. आठवड्याला सात तासांत तेवीस तासांचं काम होत नाही, आणि झालं नाही की शिकणारा स्वतःच्या डोक्याला दोष देतो.

दुसरी अडचण हाताची. वीस वर्षांत पेन धरलं ते सही करायला नाहीतर रजिस्टर भरायला. उत्तर येत असतं, पण तीन तासांत पानामागून पान लिहायचं म्हटलं की दुसऱ्या तासाला बोटं आखडतात आणि शेवटचे दोन प्रश्न कोरे राहतात. उपाय साधा आहे: परीक्षेच्या दोन महिने आधीपासून आठवड्यातून दोनदा घड्याळ लावून एक पूर्ण उत्तर हाताने लिहायचं. पण गृहपाठच झेरॉक्सच्या दुकानातून तयार आणला असेल तर ही सवय लागायला जागाच उरत नाही. इग्नूच्या, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या, बी.ए.ला गृहपाठाला ३० टक्के आणि सत्रांत परीक्षेला ७० टक्के भार आहे, आणि दोन्हीत वेगवेगळे ३५ टक्के गुण लागतात. विकतच्या गृहपाठाचे गुण परीक्षेत कामाला येत नाहीत. नाशिकच्या मुक्त विद्यापीठातही गृहपाठापेक्षा लेखी परीक्षेचा वाटा कितीतरी मोठा आहे. तयार गृहपाठ आम्हा समंत्रकांच्या, म्हणजे केंद्रावर शिकवणाऱ्यांच्या, डोळ्यांसमोर जमा होतात, अक्षर ओळखू येतं, आणि आम्ही घेतो. इथे मला बचाव करता येत नाही.

आता जिच्यामुळे हे लिहायला बसले तिच्याबद्दल. नाव सांगणार नाही. सगळं नावावरूनच झालं, म्हणून तर नाहीच.

अंगणवाडी सेविका, वय एकोणचाळीस. मुख्यसेविकेच्या (पर्यवेक्षिकेच्या) पदाला पदवी लागते, म्हणून बी.ए. करायचं होतं. बारावी २००३ ची, गुणपत्रिकेवर माहेरचं नाव. लग्नात सासरी ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं गेलं, म्हणजे तिचं आडनाव, मधलं नाव आणि स्वतःचं नाव, तिन्ही बदलली. आधार काढलं ते सासरच्या नावाने. पुढे एकदा नवऱ्याच्या नावाचं स्पेलिंग सुधारलं, एकदा बँकेतल्या नावाशी जुळावं म्हणून आडनावाचं.

२०२४-२५ पासून दूरशिक्षणाच्या प्रवेशाला डीईबी आयडी, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाचा ओळख क्रमांक लागतो. तो काढायला आधी शैक्षणिक श्रेयांक बँकेचं, म्हणजे एबीसीचं खातं लागतं (शिकणाऱ्याने मिळवलेले श्रेयांक तिथे जमा होतात), आणि त्या खात्यात नाव येतं ते आधारवरचं. प्रवेश अर्जावर नाव जातं बारावीच्या गुणपत्रिकेवरचं. तिच्या अर्जात ही दोन नावं दोन वेगळ्या बायकांची दिसत होती. जन्मतारीख तेवढी एक. अर्ज छाननीत अडकला.

तेव्हा मी तिला सांगितलं, "आधारवर माहेरचं नाव करून घ्या, लवकर होईल." माझा हा सल्ला चुकीचा होता, एक नाही, दोन कारणांनी. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, आणि तिच्या दोन्ही वेळा स्पेलिंगमध्ये संपल्या होत्या. त्यापुढे अपवाद म्हणून प्रादेशिक कार्यालयाकडे दाद मागता येते, पण ते चार दिवसांचं काम नव्हे. आणि समजा नाव बदललं असतं, तर बँक खातं, पॅन, मानधन जमा होतं ती नोंद, सगळीकडे गाठी पडल्या असत्या. हे मला सल्ला देण्याआधी विचारता आलं असतं. मी विचारलं नाही. ती आधार केंद्रावर दोनदा जाऊन आली, त्यात आठ दिवस गेले.

मग राजपत्राचा, म्हणजे सरकारी गॅझेटचा रस्ता धरला. नावबदल राजपत्रात प्रसिद्ध करायचा तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र उपयोगी पडतं. लग्न २००५ चं, गावातलं, नोंदच नव्हती. गावात ही नोंद ग्रामपंचायतीत होते. त्याला लग्नपत्रिका, फोटो, तीन साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्या भटजींची माहिती लागते. पत्रिका पावसात भिजून गेलेली, भटजी वारलेले. प्रतिज्ञापत्र करायचं ठरलं. साक्षीदारांपैकी एक मामा ऊसतोडीला गेलेले. हे जुळेपर्यंत प्रवेशाची मुदत संपली.

आमच्या रजिस्टरमध्ये तिची नोंदच नाही. गळती मोजतात ती प्रवेश झालेल्यांची. तिचा प्रवेशच झाला नाही, म्हणून ती गळलीही नाही.

या आयडीमागचा हेतू मला मान्य आहे. मान्यता नसलेल्या संस्थांनी पैसे घेऊन हातात कागद ठेवल्याचे प्रकार आपल्याकडे कमी झालेले नाहीत, आणि या आयडीमुळे त्यांना आळा बसतो. माझा आक्षेप एवढाच, की एकाच नावाने आयुष्य काढलेल्या माणसाला डोळ्यांपुढे ठेवून ही रचना झाली. आपल्याकडच्या लग्न झालेल्या बाईला तसं एकाच नावाने राहता येत नाही.

म्हणून आता सांगते तो क्रम असा. मार्चमध्येच गुणपत्रिका आणि आधार शेजारी ठेवून बघा. नाव वेगळं असेल तर आधी विवाह नोंद, मग राजपत्र. तोवर आधारला हात लावू नका. नाव बदलायच्या किती वेळा शिल्लक आहेत ते ठाऊक असल्याशिवाय तर नाहीच. राजपत्राची प्रत प्रवेश अर्जाला जोडा. पदवीवर कोणतं नाव हवं ते त्याच वेळी ठरवा, तिसऱ्या वर्षी बदलायला गेलात तर जुन्या गुणपत्रिकांपासून सुरुवात करावी लागते.

"डिग्री चालते का?" हेही विचारता. मान्यताप्राप्त विद्यापीठाची मान्यताप्राप्त दूरशिक्षण पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे, हे विद्यापीठ अनुदान आयोगाने स्पष्ट केलेलं आहे. औषधनिर्माण, कायदा, अभियांत्रिकी यांच्या पदव्या मात्र दूरशिक्षणाने देताच येत नाहीत, कुणी देतो म्हणाला तर पैसे भरू नका.

आणि मध्येच सोडलं म्हणजे सगळं वाया गेलं, असंही आता राहिलेलं नाही. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत पहिल्या वर्षाचे श्रेयांक आणि वर चार श्रेयांकांचा व्यावसायिक अभ्यासक्रम किंवा कार्यानुभव पूर्ण केला तर प्रमाणपत्र मिळतं, दोन वर्षांनंतर पदविका. तीन वर्षांच्या आत परत येता येतं, आणि एबीसी खात्यातले श्रेयांक सात वर्षं टिकतात. हे कागदावर चांगलं आहे. पण हे चार श्रेयांक म्हणजे पुन्हा एकशेवीस तास, आणि पहिल्या वर्षालाच दमलेली बाई ते उन्हाळ्यात कधी करणार, याचं उत्तर माझ्याकडे नाही. सत्राचे सगळे पेपर एकदम न देता तीनच द्या, उरलेले पुढच्या परीक्षेला, असं मी आता सांगते. इग्नूत असं करता येतं, पण तिथली पदवीची पुस्तकं बहुतांशी इंग्रजी-हिंदीत, आणि आमच्याकडे येणाऱ्यांना मराठीतून शिकायचं असतं.

यंदा प्रवेशाच्या टेबलावर मी तेवीस तासांचा हिशोब कागदावर मांडून दाखवायला लागले. पहिल्याच दिवशी दोघी जणी तो बघून अर्ज न भरताच उठल्या. त्यांना खरं सांगितलं म्हणून बरं केलं, की "होऊन जाईल" म्हणून बसवून घ्यायला हवं होतं, हे मला ठरवता येत नाही. तिसरीने कागद मागून घेतला, घडी करून पिशवीत ठेवला आणि म्हणाली, "घरी दाखवते, मग येते." मुदत पंधरा तारखेला संपते.