ऑइल तर कमी होत नव्हतं, मग धूर कशाचा?

मे 2022 मधली गोष्ट. स्वारगेटच्या सिग्नलला दीडेक मिनिट उभी होते. हिरवा दिवा लागला, ॲक्सिलरेटर दाबला आणि आरशात मागचा रस्ताच दिसेनासा झाला. पांढुरका, जरासा निळसर धूर, इतका दाट की मागच्या स्कूटरवरच्या बाई नाकाला ओढणी लावून बाजूला झाल्या. पुढच्या चौकात एका रिक्षावाल्या काकांनी काचेवर टकटक केलं. "ताई, बाजूला घ्या गाडी, काहीतरी जळतंय." गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं. आत जळत काहीच नव्हतं. तापमानाचा काटा नेहमीच्या जागी, इंजिनाचा आवाज नेहमीसारखा. धूर फक्त मागून.

गाडी 1997 ची. जर्मन बनावटीची सेडान, 2.2 लिटरचं पेट्रोल इंजिन, चार गिअरची ऑटोमॅटिक. बाबांनी 2004 मध्ये सेकंड हँड घेतली आणि वयाच्या सत्तरीपर्यंत स्वतः चालवली. आता मी चालवते. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं, आणि आमचं ऑक्टोबरमध्ये येत होतं. त्याच एप्रिलपासून त्याची फी 600 वरून 5,000 झाली होती, पण मला घोर लागला तो फीचा नाही. अशी धूर ओकणारी गाडी पासिंगला न्यायची कशी? आणि पासिंग नसतं तरी, त्या स्कूटरवरच्या बाई काही केल्या डोळ्यांसमोरून जात नव्हत्या. आपल्या गाडीचा धूर दुसऱ्याच्या छातीत जातोय हे कळल्यावर गाडी तशीच चालवत राहणं मला जमणारं नव्हतं.

धुराच्या रंगाचं गणित साधारण ठाऊक होतं. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा, गोडसर वासाचा आणि गाडी गरम झाल्यावरही न थांबणारा असेल तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, सिलिंडरमध्ये शिरतंय. मग हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या डोक्याखालची जोडपट्टी, तपासायला हवी. थंडीत सकाळी दिसते ती नुसती वाफ, पाच मिनिटांत जाते. आमचा धूर यातल्या कुठल्याच खणात नीट बसेना. दिसायला पांढरा, उन्हात निळसर, आणि वास उग्र, नाकाला झोंबणारा. गोड अजिबात नाही. कूलंटच्या टाकीवर पातळीची खूण करून ठेवली होती, ती आठ दिवसांत हलली नाही. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय नव्हती. म्हणजे पाण्याचा प्रश्न सुटला.

मग एका मोठ्या गॅरेजमध्ये गेले. तिथल्या तरुणाने बॉनेट उघडलं, दोनदा रेस केलं, मागे जाऊन धूर पाहिला आणि म्हणाला, "रिंगा गेल्यात मॅडम. व्हॉल्व्ह सीलही असतील. इंजिन खोलावं लागेल." रिंगा म्हणजे पिस्टनभोवतीच्या कड्या, सील म्हणजे व्हॉल्व्हच्या दांड्यावरचं रबर. दोन्ही झिजले की ऑइल सिलिंडरमध्ये शिरून जळतं. अंदाजपत्रक हातात आलं 1,80,000 रुपयांचं. गाडीची बाजारात किंमत त्याच्या आसपासच असेल. मला आकड्याचा राग आला नाही. इंजिन उतरवून पूर्ण करायचं तर तेवढा खर्च येतोच. वाईट वाटलं ते याचं की त्या दहा मिनिटांत कोणी काही मोजलंच नाही. ना कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, ना प्लग काढून पाहिले, ना ऑइलची पट्टी बाहेर काढली.

घरी येऊन बाबांना सांगितलं. ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, पण गाडीची वही अजून त्यांच्याच ताब्यात असते. पेट्रोल किती, किलोमीटर किती, हवा कधी भरली, सगळं त्यांच्या अक्षरात. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "अगं, पण ऑइल किती कमी झालं?"

मला उत्तर देता येईना.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी गाडी सुरू करण्याआधी, सपाट जागेवर, इंजिन ऑइलची पट्टी पुसून घालायची आणि पातळी वहीत लिहायची, असं सुरू केलं. त्याच पंधरवड्यात वाईला दोन फेऱ्या झाल्या. खंबाटकी घाट चढताना, म्हणजे इंजिनावर खरा भार असताना, धूर जवळजवळ नव्हता. घाट उतरताना मात्र ॲक्सिलरेटरवरून पाय काढलेला, गाडी इंजिनाच्या ब्रेकवर येतेय, आणि सुरूर फाट्यापाशी वळून पुन्हा पाय दिला की मागे ढग. रिंगा गेल्या असत्या तर चढावर धूर हवा होता. उतारानंतरचा धूर व्हॉल्व्ह सीलच्या लक्षणात बसतो, कारण पाय काढल्यावर मॅनिफोल्डमधला, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधला, व्हॅक्यूम सर्वांत जास्त असतो आणि झिजलेल्या सीलमधून ऑइल खेचलं जातं. पण मग रात्रभर उभ्या गाडीने सकाळी सुरू होताना निळा भपका द्यायला हवा. तो एकदाही आला नाही. आणि 820 किलोमीटरनंतर पट्टीवरचं ऑइल होतं तिथेच होतं.

बाबा वहीवर बोट ठेवून म्हणाले, "एवढा धूर निघतोय म्हणजे काहीतरी जळतंय. जे जळतंय ते कुठूनतरी कमी व्हायलाच हवं. इंजिनाचं नाही तर कशाचं ते शोध."

कोंढव्याच्या बाजूला एक म्हातारे मिस्त्री आहेत, आम्ही त्यांना चाचा म्हणतो. पत्र्याची शेड, एक खड्डा, दोन पोरं हाताखाली. जुन्या जर्मन गाड्यांवर त्यांची हयात गेली. मी वही पुढे केली. त्यांनी ती खरंच वाचली, चष्मा लावून, शेवटच्या नोंदीपर्यंत. मग म्हणाले, "आधी इंजिनाला विचारू."

चारही प्लग काढले. तीन तांबूस, कोरडे. चौथ्याच्या टोकावर राखाडी, खरखरीत थर. मग कॉम्प्रेशन. इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, इग्निशन आणि पेट्रोल बंद, मी आत बसून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा आणि स्टार्टर मारायचा. चाचा काटा पाहून मोठ्याने आकडे सांगत होते आणि पोरगा वहीत लिहीत होता: 170, 168, 172, 165 पीएसआय. सव्वादोन लाख किलोमीटर धावलेल्या इंजिनाला हे आकडे शोभून दिसतात. चार सिलिंडरमध्ये फरक नगण्य. रिंगा फुटल्या असत्या तर एखादा आकडा तरी कोसळला असता. "हे इंजिन खोलायचं नाही," चाचा म्हणाले, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खरंच आलं.

मग त्यांनी विचारलं, "ताई, गिअर बदलताना झटका देते का?"

देत होती. फेब्रुवारीपासून दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना मागून कोणीतरी ढकलल्यासारखा धक्का बसायचा, आणि गिअरही उशिरा पडायचा. मी ते वयावर ढकललं होतं. गिअरची तक्रार गिअरपाशी आणि धुराची तक्रार इंजिनापाशी, अशा दोन वेगळ्या फायली माझ्या डोक्यात होत्या. आज मागे वळून पाहते तेव्हा वाटतं, चार महिने उत्तर माझ्या पायाखाली धडधडत होतं.

गाडी गरमच होती. इंजिन चालू ठेवून, गिअर पी वर ठेवून चाचांनी ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची लांब पट्टी काढली. आमच्या गाडीत हे तेल असंच पाहतात, इंजिन चालू आणि तेल तापलेलं असताना. थंड गाडीत पातळी खालीच दिसते आणि माणूस फसतो. पट्टी पुसायला त्यांनी धागे न सुटणारं फडकं घेतलं, कारण एक धागाही आतल्या बारीक वाटांत अडकू शकतो. पट्टी पुन्हा आत घालून बाहेर काढली. तेल खालच्या खुणेच्याही बरंच खाली. पोरगा गाडीखाली जाऊन आला. ओल नाही, ठिपका नाही. घरीही गाडीखालचा पुठ्ठा कोरडाच असायचा. गिअरबॉक्सचं तेल बाहेर न सांडता कमी होत होतं.

चाचांनी मॅनिफोल्डपासून निघणाऱ्या एका नळीवर बोट ठेवलं. पेन्सिलीपेक्षा बारीक, इंजिनाच्या मागून खाली गिअरबॉक्सकडे जाणारी. गाडी खड्ड्यावर घेतली, मीही खाली उतरले. गिअरबॉक्सच्या बाजूला एक चपटी, डबीएवढी धातूची वस्तू, आणि तिच्या तोंडावर ती नळी रबरी कोपराने जोडलेली. चाचांनी इंजिन बंद करायला लावलं आणि तो रबरी तुकडा हळूच ओढून काढला. त्याच्या कडेला लाल थेंब जमला, मोठा झाला, आणि त्यांच्या तळहातावर पडला. एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, लाल असतं. त्या नळीत फक्त हवा असायला हवी.

ती डबी म्हणजे व्हॅक्यूम मॉड्युलेटर. आत एक रबराचा पडदा असतो. पडद्याच्या एका बाजूला मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम, दुसऱ्या बाजूला गिअरबॉक्स. मी पाय किती दाबलाय हे त्या व्हॅक्यूमवरून गिअरबॉक्सला कळतं आणि त्याप्रमाणे तेलाचा दाब कमी-जास्त होतो. पाय हलका असेल तर गिअर मऊ पडतो, पाय जोरात असेल तर घट्ट. पडदा फाटला की दोन गोष्टी एकदम होतात. व्हॅक्यूम टिकत नाही, म्हणून गिअरबॉक्सला वाटतं की पाय कायम पूर्ण दाबलेला आहे, आणि तो धक्के देतो. शिवाय इंजिन त्या फटीतून तेल वर शोषून घेतं आणि जाळतं. सिग्नलला उभं असताना आणि घाट उतरताना व्हॅक्यूम जास्त, म्हणून तेव्हा तेल जास्त खेचलं जायचं आणि पाय दिल्यावर धूर व्हायचा. नळीचं तोंड चौथ्या सिलिंडरजवळ होतं, म्हणून त्याच प्लगवर थर. वहीतली प्रत्येक नोंद एका जागी येऊन बसली.

नंतरच्या गाड्यांत हे काम इलेक्ट्रॉनिक्स करतं, त्यामुळे नव्या पोरांनी ही डबी पाहिलेलीच नसते. त्यात त्यांचा दोष नाही.

चाचांनी तरी लगेच डबी बदलायचं म्हटलं नाही. आधी डबीला हवा ओढून घेणारा हातपंप लावला. व्हॅक्यूमचा काटा 15 इंच पाऱ्यावर नेला आणि पंप थांबवला. काटा तिथेच राहायला हवा होता, पाच-सहा सेकंदांत शून्यावर आला. मग मॅनिफोल्डकडचं तोंड बुच लावून बंद केलं आणि इंजिन चालू ठेवलं. वीसेक मिनिटांत धूर विरत विरत अगदी फिका झाला. तो बुच लावून गाडी चालवायची मात्र नाही, गिअरबॉक्सवर सतत जास्त दाब राहतो. गाडी शेडमध्येच ठेवली आणि मी रिक्षाने घरी आले.

नाना पेठेत तो भाग कोणाकडे नव्हता. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर एकाकडे जुना निघाला, पण पंचवीस वर्षांचं रबर काढून पंचवीस वर्षांचंच रबर बसवण्यात काय अर्थ? मुंबईतल्या एका आयातदाराकडून नवा मागवला. 7,400 रुपये आणि अकरा दिवस.

बसवायला पाऊण तास लागला. डबी सुटताच थोडं तेल येतं, खाली वाटी धरली. आतली छोटी सळी निसटून पडू नये म्हणून चाचांनी बोट लावून धरलं. ओ-रिंग नव्या, दोन्ही टोकांचे रबरी तुकडे नवे, मधली नळी हवेने फुंकून साफ केली, चारही प्लग नवे. तेल लांब नळीच्या नरसाळ्याने, थोडं थोडं. या गिअरबॉक्सच्या पट्टीवर खालची खूण ते वरची खूण म्हणजे फक्त 300 मिली. एकदम ओतलं तर हमखास जास्त होतं आणि जास्त तेलाला फेस येतो. एकूण 900 मिली लागलं. मजुरी, तेल, प्लग, सगळं धरून साडेतेरा हजारांच्या आत काम झालं.

शेडमधून बाहेर पडले आणि पहिल्याच चौकात मागे धूर. पोटात गोळा आला. लगेच फोन केला. चाचा म्हणाले, "ताई, मॅनिफोल्डमध्ये आणि सायलेन्सरमध्ये चार महिन्यांचं तेल बसलंय. ते जळून जाऊ द्या. पन्नास किलोमीटर चालवा, मग बोला." कोणाला हे काम करावं लागलं तर ही गोष्ट आधी माहीत असू द्या, नाहीतर माणूस हताश होऊन इंजिन खोलायला निघतो. मी रात्री कात्रजच्या बाजूला मोकळ्या रस्त्यावर नेऊन चालवली. चाळिसाव्या किलोमीटरपर्यंत धूर होता, मग कधी गेला ते कळलं नाही. दुसऱ्यावरून तिसरा गिअर कधी पडतोय तेही आता काट्याकडे पाहिल्याशिवाय कळत नव्हतं.

पीयूसीमध्ये हायड्रोकार्बनचा आकडा 920 वरून 210 पीपीएमवर आला. ऑक्टोबरमध्ये पासिंगही झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

पासिंगनंतरच्या रविवारी बाबांना घेऊन वाईला निघाले. घाट उतरून सुरूर फाट्याला वळल्यावर ते म्हणाले, "थांब जरा." काठी टेकत गाडीच्या मागे गेले, खिशातला पांढरा रुमाल काढला आणि सायलेन्सरच्या तोंडाशी धरला. "दे पाय." मी दिला. "अजून." अजून दिला. मग ते माझ्या खिडकीपाशी आले आणि रुमाल उलगडून दाखवला. दोन-तीन ओले ठिपके होते, पाण्याचे. बाबांनी ते बोटाने चोळून पाहिले, नाकाशी नेले, आणि रुमाल घडी करून पुन्हा खिशात ठेवला.