कुनियोशीची भिंत आणि आईचं हसू

टोकियोत हाराजुकूच्या ताकेशिता गल्लीत क्रेप आणि रंगीत ‘म्हातारीचे केस’ खात फिरणाऱ्या पोरांची जत्रा असते. त्यातून आईचा हात धरून कशीबशी बाहेर पडले. चार पावलांवर ओता संग्रहालय. इथे फक्त उकियो-ए, म्हणजे मुख्यतः लाकडी ठशांनी छापलेली जुनी जपानी चित्रं. आत मंद दिवे आणि देवळातल्यासारखी शांतता. आणि त्या शांततेत आई फसकन हसली.

समोर उतागावा कुनियोशी या एकोणिसाव्या शतकातल्या चित्रकाराचा एक रागीट बुवा होता. जवळ गेल्यावर कळतं, की त्याचं नाक, भुवया, अख्खा चेहरा उघड्या माणसांचा बनलाय, एकमेकांच्या अंगावर चढून बसलेल्या. हातसुद्धा माणसांचाच! साधारण १८४७चं चित्र. नाव असं, की दिसायला भयंकर, पण माणूस फार चांगला. वर लिहिलंय, बऱ्याच जणांनी मिळून हा चांगला माणूस घडवला. मला तर ते कपाळाला आठ्या घातलेलं सरकारी कार्यालयच वाटलं.

पण खरी मजा पुढच्या भिंतीवर. भिंतीचंच चित्र! गोदामाच्या भिंतीवर कुणी खिळ्याने ओरखडे काढावेत तसे काबुकी या पारंपरिक जपानी नाटकातल्या नटांचे चेहरे. तिरळे डोळे, लोंबलेले जबडे. मधोमध डोक्यावर पंचा टाकून नाचणारं मांजर. कुनियोशीच्या घरात मांजरांचा सुळसुळाट असायचा, त्यामुळे त्याचं नवल नाही.

ही पोरकट रेघ हौसेने आलेली नाही. १८४२ साली शोगुनच्या, म्हणजे जपानच्या लष्करी सत्ताधीशाच्या, सरकारने उधळपट्टी थांबवायच्या नावाखाली नटांची आणि गणिकांची चित्रं छापायला बंदी घातली. ज्यांचं पोट त्यावर, त्यांनी करायचं काय? पुढे पाचेक वर्षांत बंदीची धार जरा बोथट झाली, तेव्हा कुनियोशीने ही भिंत काढली. मी कुठे काढलं, भिंतीवर कुणीतरी खरडलंय! एदोच्या, म्हणजे तेव्हाच्या टोकियोच्या, नाटकवेड्या लोकांना नुसत्या नाकावरून नट ओळखता यायचा. म्हणजे अर्धं चित्र बघणाऱ्याच्या डोक्यात. लाकडी ठसा कोरणाऱ्या कारागिराचं मला जास्त कौतुक वाटलं. नाजूक केस कोरण्यात मुरलेल्या हाताला खिळ्याची वेडीवाकडी रेघ हुबेहूब उतरवायची होती.

“आमच्या शाळेच्या मुतारीत मास्तरांची अशीच चित्रं असायची,” आई म्हणाली. ती स्वतः तीस वर्षं शिक्षिका होती.

“तुझं होतं का गं?”

“होतं ना. नाक बरोबर जमलं होतं मेल्यांना.”

आत फोटो काढायला बंदी. दुकानात मांजराचं कार्ड मिळेना, म्हणून आई जरा खट्टू झाली. परतताना यामानोते लाइनच्या लोकलमध्ये बसायला जागा मिळाली. समोरच्या बाकावर सगळे पेंगत होते. आईने मला कोपराने ढोसलं.

“तिसरा बघ. त्याचा जबडा भिंतीवरचा आहे.”

“आई, हळू!”

“मराठीत बोलतेय गं,” असं म्हणून ती चौथ्याकडे वळली.