आमची वाटचाल : रातराणीपासून फायबरपर्यंत

1999 साली सांगलीत आम्ही दोघा भावांनी डीटीपीचं दुकान टाकलं, तेव्हा भांडवल म्हणजे दोन कॉम्प्युटर, एक लेझर प्रिंटर आणि एक फोन. लग्नपत्रिका, हळद व्यापाऱ्यांची लेटरहेड, दिवाळी अंकांच्या जाहिराती अशी कामं. रंगीत छपाईसाठी लागणाऱ्या फिल्म पुण्यात तयार व्हायच्या. फाइल पुण्याला पोचवायची कशी, हा रोजचा प्रश्न.

त्यासाठी फोनच्या तारेवरून फाइल पाठवणारा मोडेम घेतला. खोक्यावर मोठ्या अक्षरात 56 के. पण तो वेग फक्त उतरवून घेताना, तोही तार अगदी स्वच्छ असेल तर. पाठवताना जास्तीत जास्त 33.6. आमच्या तारेवर 28.8 मिळायचे, आणि पावसात खांबावरच्या जॉइंटमध्ये पाणी शिरलं की 14.4. हे आकडे सेकंदाला किलोबिटमध्ये, म्हणजे केबीपीएसमध्ये. फाइल मोजतात बाइटमध्ये, म्हणजे आठाने भागायचं. 28.8 केबीपीएस म्हणजे सेकंदाला जेमतेम साडेतीन केबी. चार एमबीची फाइल ईमेलला जोडली की तिसऱ्या हिश्श्यानं फुगते, त्यामुळे ती जायला अर्धा तास. तेवढ्यात वरच्या मजल्यावर आईनं फोन उचलला की सगळं पहिल्यापासून.

मोठी फाइल असली की आम्ही सीडी बनवायचो, जाड पाकिटात घालून रातराणीच्या ओळखीच्या कंडक्टर काकांकडे द्यायचो. सकाळी स्वारगेटला प्रेसचा मुलगा ती घ्यायला उभा. एका रात्री भावानं पाकिटाच्या मागेच हिशेब मांडला. सीडीत 650 एमबी, सांगली-पुणे सहा तास, म्हणजे सेकंदाला सुमारे 250 किलोबिट. तीच सीडी मोडेमवरून पाठवायला दोन दिवसांहून जास्त लागले असते, तेही लाइन एकदाही तुटली नाही तर. त्या हिशेबानं आम्हाला धंदा शिकवला. आकडा खोक्यावरचा धरायचा नाही, माल कधी पोचला त्यावरून धरायचा.

2002 मध्ये शेजारचा गाळा घेऊन सायबर कॅफे काढला. चार मशिनं, मोडेम एकच. बारावीच्या निकालाला रस्त्यापर्यंत रांग. आम्ही ब्राउझरमधली चित्रं बंद करायचो, म्हणजे नुसता मजकूर उतरायचा. एक मुलगी आईचा पदर मुठीत धरून उभी होती. पडद्यावर गुण एकेका ओळीनं खाली येत होते, आणि ती प्रत्येक ओळीला श्वास रोखत होती. शेवटच्या ओळीवर 'उत्तीर्ण' दिसलं तेव्हा रांगेतल्या अनोळखी लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सरकारच्या 2004 च्या धोरणात ब्रॉडबँडची किमान मर्यादा 256 केबीपीएस ठरली. जानेवारी 2005 मध्ये बीएसएनएलचं डेटावन ब्रॉडबँड सुरू झालं, आमच्या भागात यायला थोडा वेळ लागला. तीच तांब्याची तार, पण बोलणं खालच्या लहरींवर आणि डेटा वरच्या, त्यामुळे आई फोनवर बोलत असतानाही पान उघडायचं. मला त्या आकड्याची गंमत वाटली : 256, म्हणजे आमच्या एसटीचाच वेग! मात्र तो उतरवून घेण्याचा. पाठवायला त्याहून कमी, म्हणून पाकीट रातराणीनं जातच राहिलं.

2014 पासून आम्ही भागातलं फायबर जोडणीचं काम घेतलं. केसाएवढी काचेची तार कटरवर सरळ कापायची, स्प्लायसिंग मशिनमध्ये दोन टोकं समोरासमोर आणायची, आणि पडद्यावर ती वितळून एक होताना बघायची. हे काम आजही मी स्वतः करतो. ब्रॉडबँडची किमान मर्यादा 2013 मध्ये 512 केबीपीएस झाली, 2023 मध्ये 2 एमबीपीएस. आमचे बहुतेक ग्राहक आता 100 एमबीपीएसवर आहेत, आमच्या त्या मोडेमच्या जवळजवळ साडेतीन हजार पट. ती सीडी आता मिनिटाच्या आत जाते.

तक्रारी तरी येतातच, आणि त्या ऐकायलाच हव्यात. जाहिरातीत 'इतक्या वेगापर्यंत' असं लिहितात, त्यातल्या 'पर्यंत' या शब्दावर माझा राग आहे. म्हणून नवीन जोडणी देताना आम्ही आधी केबल लावून वेग दाखवतो, मग वायफायवर दाखवतो, आणि राउटर लोखंडी कपाटावर ठेवला तर वेग का घटतो तेही. यात वीस मिनिटं जातात. आमच्याकडे काम करणारी पोरं सुरुवातीला कुरकुरायची, आता स्वतःहून करतात.

मागच्या वर्षी त्या कंडक्टर काकांच्या घरी जोडणी दिली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली त्यांना. फायबरमधला प्रकाश मोजणाऱ्या पॉवर मीटरवर मायनस 19 आला, उत्तम सिग्नल. काकूंनी चहा केला, नातीनं पुण्याहून व्हिडिओ कॉल लावला. बिलाचं पुस्तक काढलं तसं काकांनी पाकीट बाहेर काढलं. मी म्हटलं, "काका, पुण्याला एवढी पाकिटं पोचवलीत, तुमच्याकडून जोडणीचे पैसे घ्यायचे नाहीत."