पहिली तबकडी कुणाची?

मंडळाच्या दर जेवणात कुणीतरी गाठतंच. "तुम्ही ते जुन्या अमेरिकन फिडलचं, म्हणजे लोकसंगीतातल्या व्हायोलिनचं, शोधता ना? मग सगळ्यात पहिलं रेकॉर्डिंग कुणाचं, ते सांगून टाका की." सांगता येत नाही म्हटलं की मी काहीतरी दडवतोय असं त्यांना वाटतं.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. पूर्वी मी एका दमात सांगायचो: 'आर्कान्सॉ ट्रॅव्हलर' ही धून, व्हिक्टर कंपनी, न्यूयॉर्क, ३० जून १९२२, वाजवणारे हेन्री गिलिलँड आणि एक रॉबर्टसन. (एक हे नाव आहे, आकडा नव्हे.)

इथे व्हर्जिनियात दर गुरुवारी आम्ही वाजवायला जमतो, मी बँजो बडवतो. ऐंशीच्या घरातले एक फिडलवाले आजोबा ही धून सुरू करण्याआधी हटकून म्हणायचे, "तबकडीवर ही पहिल्यांदा माझ्या आजोबांनी आणली, १९२८ साली." सातव्या-आठव्यांदा ऐकल्यावर मला राहवलं नाही. कंट्री संगीताच्या तबकड्यांची जाडजूड सूची पिशवीतच होती. पान उघडून त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी चष्मा लावला, बोट ठेवून ओळ वाचली, "बरं" म्हणाले. शेजारी त्यांचा नातू बसला होता. पुढे ते वर्षभर येत राहिले, पण ती धून पुन्हा वाजवली नाही.

चुकीचं ते चुकीचंच, नाही का? तारीख लपवायची कशाला? हे मी अजूनही म्हणतो. फक्त ती सूची सुरूच होते १९२१ पासून, आणि त्याच्या मागे मी डोकावलोच नव्हतो. आजोबा गेल्यावर सांता बार्बराच्या विद्यापीठाची ऑनलाइन यादी चाळताना डॉन रिचर्डसन सापडला: कोलंबिया, १९१६, हीच धून. त्याच्याही आधी लेन स्पेन्सरचं विनोदी संभाषण, त्यात मधूनमधून हीच चाल. मग मी वाद घालू लागलो की रिचर्डसन स्टुडिओतला तयार वादक, स्पेन्सर तर नकलाकार, त्यांना कसं धरायचं? म्हणजे आपला माणूस पहिला ठरेपर्यंत कुंपण सरकवायचं. आजोबांनी तरी वेगळं काय केलं होतं? पण त्यांच्या आणि माझ्या तारखेत सहा वर्षांचं अंतर होतंच, तेही सोडवत नाही.

गेल्या गुरुवारी नातू फिडल घेऊन आला. "ही पहिल्यांदा माझ्या खापरपणजोबांनी..." एवढं बोलून त्याने माझ्याकडे पाहिलं.

मी बँजोची पाचवी तार लावत राहिलो. ती लागलेलीच होती.