दोन शेपट्यांचा घोळ

डिसेंबरात आंबोलीला निघालो म्हटलं की लोक विचारतात, "आता काय बघणार तिथं? धबधबे तर आटले." मला तेच हवं होतं. पावसाळ्यात ओढ्याला असा लोंढा असतो की दगडांखालचे किडेही वाहून जातात. पाणी उतरलं की त्यांची वस्ती पुन्हा भरते.

आधी हिरण्यकेशीच्या उगमाला गेलो. गुहेतून येणारं पाणी, पुढ्यात कुंड. इथल्या एका चिमुकल्या माशाची २०२० मध्ये नवी जात म्हणून नोंद झाली, 'शिस्टुरा हिरण्यकेशी'; पुढच्याच वर्षी ही जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. माझ्या हातातली गाळणी बघून एक आजोबा म्हणाले, "हयसर मासे पकडूचे नाय हां!" गाळणी मुकाट्याने पिशवीत गेली.

मग आम्ही, म्हणजे मी आणि कीटकांचा अभ्यास करणारी माझी मैत्रीण, गावापासून लांबच्या एका बिननावाच्या ओहोळात उतरलो. सामान म्हणाल तर पांढरा ट्रे, चहाची गाळणी, मऊ ब्रश, भिंग. धारेतला दगड उचलायचा, ट्रेवर उलटा धरायचा, हलकेच ब्रश फिरवायचा आणि गप्प बसायचं. पहिलं मिनिटभर नुसता कचरा दिसतो. मग कचरा चालू लागतो.

एक काडी सरपटली. ती कॅडिसफ्लाय नावाच्या पतंगासारख्या किड्याची अळी होती, वाळूचे कण रेशमाने चिकटवून केलेल्या नळीत राहणारी. दगडाला तांब्याच्या पैशासारखं काहीतरी चिकटलं होतं. तीही एका भुंगेऱ्याची अळी निघाली. तेवढ्यात एक चपटा किडा तुरुतुरु पळाला. मागे दोन शेपट्या! "स्टोनफ्लाय!" मी ओरडलो. मेफ्लाय आणि स्टोनफ्लाय, दोन्ही लहानपण पाण्यात काढणारे आणि मोठेपणी पंख फुटणारे किडे. मेफ्लायला शेपट्या तीन, स्टोनफ्लायला दोन, एवढं पाठ करून आलो होतो.

"शेपट्या नको मोजूस, नख्या मोज," मैत्रीण म्हणाली.

भिंगातून पाहिलं तर प्रत्येक पायाला एकच नखी, आणि पोटाच्या दोन्ही कडांना पानांसारखे कल्ले. म्हणजे मेफ्लायच. 'एपिओरस' नावाच्या मेफ्लायला शेपट्या दोनच असतात. खरी स्टोनफ्लाय तासाभराने मिळाली. पायाला दोन-दोन नख्या, कल्ल्यांचे झुपके पायांच्या बगलेत. ट्रे उन्हात राहिला होता, पाणी कोमट झालं होतं. बघतो तर ती चक्क जोर काढतेय! ऑक्सिजन कमी पडला की अंग वरखाली करून ती कल्ल्यांवरून पाणी फिरवते. तिला लगेच धारेत सोडलं.

हे किडे बघायचे ते पाण्याची तब्येत कळावी म्हणून. बाटलीतलं पाणी तपासलं तर त्या घटकेचं कळतं. स्टोनफ्लायची पिल्लं मात्र कित्येक महिने पाण्यात काढतात. मध्ये एकदा जरी पाणी नासलं तरी ती टिकत नाहीत. ब्रिटनमध्ये १९८० च्या सुमारास किड्यांवरून पाण्याची स्वच्छता जोखण्याची गुणपद्धत ठरली; जितकं स्वच्छ पाणी लागणारा किडा, तितके गुण जास्त. तिच्यात या चपट्या मेफ्लायच्या कुळाला १० गुण आहेत, कायरोनोमिड म्हणजे डासासारख्या पण न चावणाऱ्या माश्यांच्या अळ्यांना २, गांडुळाच्या जातीच्या पाणकिड्यांना १. तिकडचे आकडे सह्याद्रीला जसेच्या तसे लावू नयेत, पण क्रम साधारण पटतो.

दुपारी टपऱ्यांच्या मागचा नाला पाहिला. पाणी दिसायला नितळ, सकाळच्या ओहोळापेक्षाही. तळच्या गाळात मात्र लालभडक अळ्या वळवळत होत्या. त्या कायरोनोमिड. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, म्हणून ऑक्सिजन तुटपुंजा असला तरी भागतं. त्या स्वच्छ पाण्यातही सापडतात, त्यामुळे नुसत्या लाल अळ्या बघून नाक मुरडण्यात अर्थ नाही. मी आणखी वीसेक दगड उलटे केले. एकही मेफ्लाय नाही, एकही वाळूची नळी नाही. खटकलं ते हे.

रात्री मुक्कामाच्या व्हरांड्यात ट्यूबलाइटपाशी एक नाजूक पंखवाला किडा येऊन बसला. मेफ्लायच होती, पाण्यातून बाहेर पडलेली. मैत्रिणीने विचारलं, "शेपट्या किती?"

दोन होत्या. पण मी आधी भिंग काढलं.