मिनास खिंडीत माशांची चाहूल

पार्सबरोच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा ओहोटी लागलेली आणि सगळ्या होड्या चिखलावर टेकलेल्या. धक्क्याच्या खांबांवरची शेवाळाची रेघ माझ्या डोक्याच्या कितीतरी वर होती. मी हर्णैची, भरती-ओहोटीच्या वेळा मला लहानपणापासून पाठ. पण मुंबईतसुद्धा मोठ्या उधाणाला पाणी पाचेक मीटर चढतं. इथे, कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतात, बे ऑफ फंडीच्या आतल्या टोकाला हा फरक १६ मीटरपर्यंत जातो. जगात याहून मोठी भरती नाही. सव्वासहा तासांत रिकामं बंदर काठोकाठ भरतं.

माझी भाची इथे मासे-संशोधकांच्या बोटीवर काम करते. "मावशी, गरम कपडे घाल आणि वेळेत ये. पाणी चढलं की बोट कुणासाठी थांबत नाही," असं तिने आदल्या रात्रीच बजावलं होतं. होड्या तरंगू लागल्या तसे आम्ही निघालो. डावीकडे दूर ब्लॉमिडनचा लाल कडा दिसत होता. इथल्या मूळ रहिवासी मिकमॉ लोकांच्या कथांमधला नायक ग्लुस्कॅप तिथे राहायचा. पुढे जेमतेम पाच किलोमीटर रुंदीची मिनास खिंड. प्रत्येक भरतीला सुमारे १४ अब्ज टन पाणी एवढ्याशा वाटेने आत शिरतं. ऐन जोरात प्रवाह सेकंदाला पाच मीटरपर्यंत जातो. म्हणून काम करायचं ते पाणी थबकतं तेवढ्या थोड्या वेळात.

काम होतं तळाशी ठेवलेले रिसिव्हर, म्हणजे माशांना लावलेल्या टॅगचे आवाज टिपणारी यंत्रं, वर काढण्याचं. टॅग लावलेल्यांपैकी अटलांटिक स्टर्जन हा मासा इथला उन्हाळी पाहुणा. अंगावर हाडांच्या ढालींच्या रांगा, तोंडाखाली मिशा, आणि लांबी चार मीटरपर्यंतही जाऊ शकते. मिनासच्या चिखलपट्ट्यांतले किडे खायला तो येतो. बरेचसे शेजारच्या न्यू ब्रन्सविकमधल्या सेंट जॉन नदीतले, काही थेट अमेरिकेतल्या केनेबेक नदीतले. मासा पकडून, गुंगी देऊन, पोटाला छोटी चीर घेऊन आत टॅग ठेवतात आणि टाके घालून त्याला पुन्हा सोडतात.

आपल्याकडे ऑलिव्ह रिडले कासवांना सॅटेलाइट टॅग लावले, ते आठवत असेल. २०२२ मध्ये वेळासची प्रथमा, पुढच्या वर्षी गुहागरची बागेश्री, जी श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली. कासव श्वासासाठी वर येतं तेव्हा टॅग उपग्रहाशी बोलू शकतो. मासा श्वासासाठी वर येत नाही आणि रेडिओलहरी खाऱ्या पाण्यातून जात नाहीत. आवाज मात्र पाण्यात लांबवर जातो. म्हणून माशाच्या पोटातला टॅग ६९ किलोहर्ट्झवर टिकटिकतो. माणसाचा कान २० किलोहर्ट्झच्या पुढचं ऐकत नाही, त्यामुळे आपल्याला काहीच कळत नाही. दोन टिकटिकींमधल्या अंतरांतच त्या माशाचा क्रमांक दडलेला असतो. एक क्रमांक पुरा व्हायला तीन-चार सेकंद लागतात. दोन माशांचे आवाज पुन्हा पुन्हा एकमेकांत मिसळू नयेत म्हणून मधली विश्रांती मुद्दाम कमी-जास्त ठेवतात. ही युक्ती मला फार आवडली.

खिंडीत भाचीने दोरीला बांधलेलं यंत्र पाण्यात सोडलं आणि खालच्या कडीला सांकेतिक आवाज पाठवला. कडी सुटते, नांगर तळाशीच राहतो आणि बोया वर येतो. सगळे गप्प उभे राहून पाण्याकडे पाहत होते. बऱ्याच अंतरावर पिवळं टोक उसळलं आणि बोट तिकडे वळली. आकड्याने बोया ओढून घेतला, त्यातून रिसिव्हर काढला. काळी, हातभर लांबीची नळी, एका टोकाला ऐकणारा काळा गोळा. अंगावर बार्नाकलची, म्हणजे चिकटून वाढणाऱ्या कवचधारी जीवांची, खरबरीत पुटं. भाचीने ती प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडली, पण गोळ्यापाशी आल्यावर पट्टी बाजूला ठेवली आणि तेवढा भाग बोटांनी पुसला. मग ब्लूटूथवरून नोंदी लॅपटॉपवर उतरल्या: तारीख, वेळ, क्रमांक. ओळींवर ओळी, महिन्यांमागून महिने. अनोळखी क्रमांक निघाले तर ते हॅलिफॅक्सच्या डलहौसी विद्यापीठातल्या ओशन ट्रॅकिंग नेटवर्ककडे जातात. २००८ पासून चाललेल्या या जाळ्यात वेगवेगळ्या देशांतले संशोधक आपापल्या टॅगची माहिती भरतात, त्यामुळे कुणाचा मासा कुठे आला ते जुळतं.

पण खरी मेख पुढेच आहे. याच खिंडीत भरतीच्या जोरावर वीज करायचे प्रयत्न चालत आले आहेत. २००९ मध्ये तळाशी ठेवलेल्या पहिल्या टर्बाइनची पाती प्रवाहानेच काही आठवड्यांत मोडून टाकली. मासे पात्यांच्या वाटेवर येतात का, हे विचारायला रिसिव्हर हवेत. आणि पाणी जोरात धावतं तेव्हाच खळबळाटाने रिसिव्हरला कमी ऐकू येतं. म्हणजे टर्बाइन सर्वांत वेगात फिरणार त्याच तासांच्या नोंदी सर्वांत विरळ. "त्या वेळी यादी रिकामी असली तरी मासा नव्हता असं मी लिहू शकत नाही," भाची म्हणाली. म्हणून १७० किलोहर्ट्झचे, क्षणार्धात क्रमांक सांगून मोकळे होणारे टॅगही इथे वापरून पाहिले गेले आहेत.

मला हे काटेकोरपण फार मोलाचं वाटतं. काही पट्टेरी बास मासे हिवाळा गोड्या तळ्यात काढतात, तर काही कडाक्याच्या थंडीतही या खिंडीतच असतात, हे अशाच नोंदींमुळे कळलं. घाईने वीज काढायला बसलो असतो तर त्या माशांना कुणी मोजलंच नसतं. कोकणातल्या खाड्यांत बंदरं, धक्के, जेटी उभ्या राहण्याआधी कोणते मासे कधी ये-जा करतात हे कुणी असं वर्षभर ऐकून पाहावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

नोव्हा स्कोशियाला जाणार असाल तर याच उपसागराकाठच्या बर्नकोट हेडला ओहोटीत समुद्राच्या तळावर चालता येतं. भरतीचं वेळापत्रक आधी पाहा, चिखलात रुतणार नाहीत असे बूट न्या आणि पाणी फिरायच्या आत वर या.