रजिस्टरमधे दोन, वॉर्डात सात

दर महिन्याला आम्हाला बेडसोरचा, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमांचा आकडा वर पाठवावा लागतो. रजिस्टर उघडायचं, नोंदी मोजायच्या, लिहून टाकायचं, कधी एक, कधी दोन, बरेचदा शून्य. शून्य आलं की मेट्रन मॅडम खूश आणि आम्हीपण. १४ वर्षं झाली मला नर्सिंगमधे, पण त्या शून्यावर मला कधी शंका आली नाही, हे आज लिहिताना त्रास होतो.

मग हॉस्पिटलच्या क्वालिटी विभागात एक नवीन मॅडम आल्या, त्या म्हणाल्या या वेळी रजिस्टर बाजूला ठेवू, एकाच दिवसात सगळ्या पेशंटना कूस बदलून बघू. दोघीदोघींची टीम, एक त्याच वॉर्डची, एक बाहेरची, आणि केस पेपर आधी वाचायचाच नाही. माकडहाड, खुबे, टाचा, कोपरं, डोक्याची मागची बाजू, एवढंच नाही तर ऑक्सिजनची नळी कानामागे जिथे घासते तिथे, मास्कच्या पट्टीखाली, गळ्याच्या कॉलरखाली, सगळीकडे बघायचं. माझ्या मनात आलं आधीच माणसं कमी, त्यात हे कुठून आणलं.

सकाळी ९ ला सुरू केलं. पहिल्या दहा पेशंटमधे काहीच नाही. अकराव्या काकांच्या कानामागची नळी सरकवली तर खाली ओली जखम. चार दिवस मी स्वतः त्यांना औषधं देत होते, रोज बोलत होते, पण नळी उचलून काही बघितलं नव्हतं.

आणि मग ऑर्थोमधल्या आजी. खुब्याचं फ्रॅक्चर, रक्त पातळ करायची गोळी चालू होती म्हणून ऑपरेशन पुढे ढकललेलं, चौथा दिवस, पायाला ट्रॅक्शन, म्हणजे पट्टी बांधून वजनाने ताण दिलेला. हलवलं की कळा यायच्या म्हणून कोणी हलवत नव्हतं, त्यापण निमूट पडून. मी म्हटलं आजी जरा पाय बघू का, तर म्हणाल्या, "कशाला गं पोरी, तुम्हाला किती कामं, माझं काही दुखत नाही." डॉक्टरांना विचारून पट्टी सैल केली, टाच उचलली. जांभळी झाली होती, रक्त साकळल्यासारखी, हाताला पिचपिचीत लागली. कातडी फाटलेली नव्हती. म्हणजे वरून धड आणि आतलं मांस मेलेलं, हा प्रकार सगळ्यात फसवा. नंतर केस पेपर बघितला तर तिन्ही दिवस एकच वाक्य, त्वचा नॉर्मल. त्यातल्या दोन सह्या आमच्याच चांगल्या, मेहनती मुलींच्या होत्या. त्या खोटं लिहीत नव्हत्या, त्यांनी पाठ बघितली होती, पट्टीतली टाच कोणीच बघितली नव्हती.

बाकीचे पेशंट बघताना अजून एक गोष्ट लक्षात आली. आम्हाला शिकवतात की लाल डाग दिसला की बोटाने दाबा, पांढरा पडला तर ठीक, दाबूनही लालच राहिला तर पहिल्या स्टेजचा बेडसोर. पण पुस्तकातले फोटो गोऱ्या कातडीचे. आपल्याकडे सावळ्या, काळ्या रंगावर ती लाली दिसतच नाही, हात लावूनच बघावं लागतं, आजूबाजूपेक्षा गरम आहे का, कडक आहे का, दाबल्यावर माणूस तोंड वाकडं करतो का. असे दोन त्या दिवशी नुसत्या हाताने सापडले.

संध्याकाळी बेरीज केली. ५८ पेशंट, त्यात सात. रजिस्टरमधे त्या दिवशी दोन. जगभरातले अभ्यास एकत्र करून २०२० मधे जो आढावा निघाला त्यात दवाखान्यातल्या मोठ्या माणसांमधे शंभरात जवळपास १३ जणांना बेडसोर असतो असं आलंय, आणि शंभरात आठाहून जास्त जणांना तो दवाखान्यात आल्यावर होतो. म्हणजे आमचे सात काही जगावेगळे नव्हते, जगावेगळे होते ते आमचे शून्य.

सात ऐकून आधी सगळ्यांचे चेहरे पडले, मग राग, मग नाईटच्या मुलींवर ढकलाढकली. तेव्हा मी बोलले. नाईटला एका वॉर्डात ३४ पेशंटना एक सिस्टर आणि एक मावशी असते. त्यातले नऊ जण स्वतः कूस बदलू शकत नाहीत, एकाला नीट वळवायला दोघींना पाच मिनिटं लागतात, म्हणजे दर दोन तासांनी पाऊण तास नुसतं वळवण्यात, तोपर्यंत बाकीचे २५ जण आणि सलाईन कोणी बघायचे? हे त्या मुलींच्या माथी मारू नका. कोणी काही बोललं नाही. पण पुढच्या आठवड्यात नाईटला अजून एक मावशी मिळाली, एकच, तरी मिळाली.

नातेवाइकांनापण आम्ही आता पहिल्याच दिवशी सांगतो. टाचेखाली नाही, पोटरीखाली उशी द्या म्हणजे टाच अधांतरी राहते. वॉटरबेड आणला तरी कूस बदलावीच लागते. रबराची गोल रिंग नको, तिच्या कडेने उलट दाब येतो. आणि लाल जागा चोळायची नाही, हे सांगताना माझ्याच जिवावर येतं कारण ट्रेनिंगमधे आम्ही स्पिरिट पावडर लावून पाठी चोळ चोळ चोळल्या आहेत.

आजींचं ऑपरेशन सहाव्या दिवशी झालं. टाचेवर काळी कडक खपली धरली, कोरडी होती म्हणून तिला हात लावला नाही, तशीच राखली. त्यांचा मुलगा मोबाईलमधे दर दोन तासांचा अलार्म लावून रात्रभर बाकड्यावर बसायचा आणि पहाटे चारला मला हाक मारायचा, सिस्टर, आईला वळवायचंय. डिस्चार्जच्या दिवशी मी त्याला टाच कशी बघायची, ड्रेसिंग कसं करायचं ते दोनदा करून दाखवलं. आजी म्हणाल्या, "एवढ्याशा टाचेचं काय घेऊन बसलीस गं." ती खपली गळून पडायला पुढे तीन महिने लागले.